नळीतून जेवण, घरपोच सेवा : चार स्टार, आणि एक का कापला

पाचापैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं लिहितो, आधी कामाचं सांगतो. नळीतून जेवण भरवायला बारा तासांची बाई ठेवायचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर थांबा. भेटीचं पॅकेज मागा. सिस्टर ठरलेल्या दिवशी येणार, नळी तपासणार, घरातल्या दोघांना तरी हातानं करायला लावणार आणि जाणार. आमचे पैसे वसूल झाले ते त्या शिकवण्यात.

सेवेचं नाव लिहिणार नाही. राजारामपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे, हाताखाली मोजक्या सिस्टर. उद्या नाव वाचून निम्मं कोल्हापूर तिकडं गेलं तर आमच्या घरी गुरुवारी कोण येणार? पण सेवा घेताना काय बघायचं ते सगळं लिहितो, त्यावरून तुमच्या भागातली तुम्हाला पारखता येईल.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, घर उत्तरेश्वर पेठेत. आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू आणि बोलणं गेलं. बोलणं थोडं परत आलं, गिळणं आलं नाही. पाणी दिलं की ठसका, आणि कधी कधी ठसकाही नाही, पाणी गपगुमान श्वासनळीत. डॉक्टर म्हणाले, ठसका न येणं जास्त वाईट, कारण मग न्यूमोनिया होईपर्यंत कळत नाही. म्हणून नाकातून पोटात जाणारी नळी, राइल्स ट्यूब. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, 'आरटी फीड दर दोन तासांनी'. आरटी म्हणजे तीच राइल्स ट्यूब. तेवढ्या ओळीवर माणूस घरी.

दवाखान्यातून निघता निघता एका एजन्सीचं कार्ड हातात पडलं. ही ती राजारामपुरीची नव्हे, दुसरीच. सकाळी आठला एक पोरगी आली. गरीब, कष्टाळू, मायाळू. पण तिला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. आई सपाट झोपलेली, हिनं मोठी सिरिंज भरली, नळीला लावली आणि दट्ट्या अंगठ्यानं ढकलून सगळं आत. दोन मिनिटांत जेवण संपलं. आईला उलटी झाली. मालकाला फोन केला तर, "आमच्या सगळ्या बायका ट्रेंड आहेत, पेशंटच नाजूक आहे." दिवसाला हजाराच्या आसपास मोजत होतो. पोरीवर राग नाही माझा. तिच्या मालकानं तिला पांढरा ड्रेस शिवून दिला आणि सिस्टर केलं.

राजारामपुरीवाल्यांची सिस्टर आली ती आधी नळीला हातच लावेना. म्हणाली, "काका, डोक्याकडची बाजू वर घ्यायला काय हाय घरात?" जेवताना आणि जेवणानंतर अर्धा ते एक तास डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर हवं, म्हणजे आतलं परत घशाकडं येत नाही. दवाखान्यातला कॉट भाड्यानं मिळतो, पण ही तर माझी लाइन. शॉपवर लोखंडी टेकू करून आणला, कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून बरोबर चाळीस अंश. सिस्टर हसली. "एवढा नेमका कुणी करत न्हाई. पण आज्जी खाली घसरत्यात, गुडघ्याखाली उशी द्या."

मग तिनं नाकपुडीपाशी नळीवर पेनानं खूण केली. नळी नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून घालतात. आईची खूण पन्नास सेंटिमीटरच्या जरा पुढं येते. प्रत्येक वेळी जेवण देण्याआधी ती खूण जागेवर आहे का बघायचं. सरकली असेल तर एक थेंबही द्यायचा नाही, फोन करायचा. बाकी सगळं विसरला तरी चालेल, हे विसरू नका, असं तिनं बायकोकडून आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सिरिंज हवेनं भरून नळीत सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकायची, ही पद्धत सगळीकडं चालते. सिस्टरही करते. पण तिनंच सांगितलं की त्या आवाजावर भरवसा नाही, नळी फुफ्फुसाकडं गेलेली असली तरी आवाज येऊ शकतो. खरी खात्री एक्स-रेची. त्याखालोखाल पोटातलं पाणी ओढून पीएचच्या, म्हणजे आम्ल किती ते दाखवणाऱ्या पट्टीवर टाकायचं : साडेपाच किंवा खाली आलं तर नळी पोटात. आई आम्लपित्ताची गोळी घेते, त्यामुळं आकडा वर जाऊ शकतो, तेही लक्षात ठेवायचं. नवी नळी घातली की आम्ही एक्स-रे काढून आणतो. रिक्षाचा त्रास होतो, पण काढतो.

आता नळीबद्दल. माझ्या हातात नळी आली की मी आधी व्हर्नियर लावणार. पाकिटावर १६ लिहिलंय, ते फ्रेंच माप, तीननं भागलं की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये. म्हणजे ५.३. पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा शारिएर नावाचा कारागीर होता, त्याचं हे माप. आणि नळीला ज्याचं नाव आहे तो जॉन राइल, इंग्रज डॉक्टर. त्यानं १९२१ मध्ये ही नळी पोटातला रस तपासायला काढली, जेवण घालायला नव्हे. साध्या नळीच्या टोकाला स्टीलच्या बारक्या गोळ्या बंद केलेल्या असतात, वजनानं नळी खाली उतरावी म्हणून. हे बघून मला बरं वाटलं. कुणीतरी डोकं लावलंय.

साधी पीव्हीसीची नळी शंभराच्या आत मिळते, पण पोटातल्या आम्लात राहून ती कडक होते आणि नाकाला टोचते. आठ-पंधरा दिवसांत बदलावी लागते, आणि प्रत्येक बदल म्हणजे आईच्या डोळ्यांत पाणी. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची नळी महाग, पण मऊ, आणि महिनाभर किंवा जास्तही राहते. दुकानदार सांगत नाही ती गोष्ट अशी की सिलिकॉन मऊ असल्यानं भिंत जाड ठेवावी लागते. बाहेरून १६ असली तरी आतलं भोक पॉलियुरेथेनपेक्षा बारीक. आमचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, आतला व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळावा हिस्सा होतो. म्हणून घरचं दाटसर द्यायचं असेल तर नुसतं 'सिलिकॉन द्या' म्हणून घेऊ नका. सेवेवाल्यांनी हे आपणहून सांगितलं आणि दोन्ही समोर ठेवल्या. आम्ही पॉलियुरेथेन घेतली. अर्धा स्टार त्या एका गोष्टीचा.

जेवणाचं प्रकरण मोठं आहे, कारण कोल्हापुरात प्रत्येकाला वाटतं की आजारी माणसाला काय घालायचं ते आपल्यालाच कळतं. मामा म्हणाले, गंगावेशीतून म्हशीचं धारोष्ण दूध आणून सोडा. आत्याबाईंनी पांढरा रस्सा गाळून आणला, डब्यात, प्रेमानं. शेजारचे काका म्हणाले, पावडरीत काय नसतंय, नाचणीची आंबील द्या. सिस्टरसोबत पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वजनकाटा मागवला. आई ४६ किलो. किलोमागं पंचवीस ते तीस कॅलरी, म्हणजे दिवसाला साधारण बाराशे. तयार फीड म्हणजे पाण्यात कालवायची पावडर. मिलिलिटरला एक कॅलरी अशा फीडचे २०० मिलीचे सहा वाटे दिले की बाराशे भरतात. मग त्यांनी आंबिलीचा हिशेब मांडला : नळीतून जाईल इतकी पातळ करायची तर २०० मिलीत वीस ग्रॅम पीठ. त्यात सत्तर कॅलरीही नाहीत. सहा वेळा दिली तरी चारशे. पोट भरल्यासारखं दिसणार, माणूस वाळत जाणार. शिवाय नाचणी निवली की नळीत खळ होऊन बसते.

तरी त्यांनी घरचं बंद करायला लावलं नाही, हे मला आवडलं. दोन वेळा घरचं ठेवलं : मूगडाळ आणि भात मऊ शिजवून, मिक्सरला फिरवून, मलमलच्या फडक्यातून गाळून, वर चमचाभर तेल, थोडी प्रथिनांची पावडर. चार वेळा तयार फीड. घरचं केलं की लगेच द्यायचं, उरलं तर टाकायचं. पावडर कालवलेली चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायची नाही, आणि फीड पिशवीतून देत असाल तर पिशवी रोज नवी. बायको पहिल्यांदा म्हणाली, "आत्तींना सहा वेळा तेच तेच?" बाई म्हणाल्या, जिभेला चव लागतच नाही वहिनी, तोंड मात्र दोन वेळा पुसत जा. जेवण नाकातून जातं म्हणून तोंड स्वच्छ करायचं सोडून देतात लोक, आणि तिथले जंतू फुफ्फुसात जातात. रस्सा शेवटी आम्हीच संपवला. दूध मात्र नळीत घातलं नाही तेच बरं. म्हशीचं दाट दूध आणि वरून लिंबूपाणी किंवा सिरप एकत्र आलं की नळीतच फाटतं.

देण्याची रीत अशी : दट्ट्या काढून ठेवायचा, सिरिंजचं नुसतं नळकांडं नळीला लावून वर धरायचं आणि आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी तीस मिली पाणी, नंतर तीस मिली पाणी. औषधाच्या आधी आणि नंतरही पाणी, आणि दोन औषधं एकत्र कालवायची नाहीत. कुटायच्या गोळ्यांची यादी त्यांनी भिंतीवर चिकटवून दिली. हळूहळू विरघळणारी, वरून लेप असलेली गोळी कुटायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. आईची फिटची गोळी फीडमध्ये अडकते, म्हणून तिच्या आधी-नंतर मोकळा वेळ ठेवायचा. दवाखान्याच्या कागदावर हे कुठंच नव्हतं.

नळी अडली तर कोमट पाणी, सिरिंजनं हळू पुढं-मागं, थोडं थांबून परत. तारेनं टोचायचं नाही. माझा हात ड्रॉवरकडं गेलेला बघून सिस्टर म्हणाली, "काका, हे मशीन न्हवं."

फीडिंग पंप भाड्यानं देणं हा त्यांचा धंदा आहे, तरी त्यांनी आम्हाला दिला नाही. ज्यांना जेवण पोटाऐवजी लहान आतड्यात द्यावं लागतं, किंवा एकदम दोनशे मिली सोसत नाही, त्यांना थेंबाथेंबानं द्यायला पंप लागतो. आईला लागत नव्हता. भाडं बुडालं त्यांचं.

सलाइनबद्दल थोडं, कारण आमच्याकडं कुणी जरा मलूल दिसलं की 'एक बाटली लावा, तरतरी येईल' हे ठरलेलं. सिस्टरनं हिशेब सांगितला : पाच टक्क्यांची ग्लुकोजची अर्धा लिटर बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर. शंभराच्या आतच कॅलरी, एका केळ्याच्या. नुसत्या मिठाच्या सलाइनमध्ये तर शून्य. पाणी कमी झालं असेल तर बाटली कामाची, जेवण म्हणून नाही. माझ्या साडूचं आतडं बरंचसं कापावं लागलं, त्याला शिरेतून खरं जेवण द्यायची वेळ आली. तीन कप्प्यांची पिशवी असते, एकात साखर, एकात अमिनो आम्लं, एकात पांढरं दुधासारखं. ते दूध नव्हे, सोयाबीनचं तेल अंड्याच्या बलकातल्या घटकानं पाण्यात मिसळलेलं. अमेरिकेत १९७० च्या सुमारास असं शिरेतलं जेवण घरी द्यायला सुरुवात झाली. मी ऑफिसात विचारलं, साडूला घरी कराल का. मालकीणबाई सरळ म्हणाल्या, "नाही. मोठ्या शिरेतली लाइन आहे, एक बोट चुकीचं लागलं तर जंतू थेट रक्तात. रोज रक्त तपासून पोटॅशियम, फॉस्फरस बघावे लागतात. आमच्याकडं तेवढी माणसं नाहीत." पैसे समोर दिसत असताना नाही म्हणणारी सेवा मी तरी पहिल्यांदाच बघितली. साडूला ते जेवण पुढं दवाखान्यातच दिलं.

आईला मध्ये छातीचा संसर्ग झाला तेव्हा काही दिवस हाताच्या शिरेतून इंजेक्शन घरीच होतं. एका माणसाला दोन नळ्या. सिस्टरनं शिरेच्या नळीला लाल चिकटपट्टी लावली, फीडची सिरिंज स्वयंपाकघरात ठेवली, इंजेक्शनचं सामान देवघराच्या खोलीत. इंजेक्शनच्या सिरिंजच्या टोकाला लुअर म्हणतात, सहा टक्के टेपर म्हणजे निमुळतं, आम्ही शॉपवर टेपर कापतो तसाच. फीडची सिरिंज चुकून शिरेच्या नळीला बसू नये म्हणून २०१६ मध्ये जेवणाच्या नळ्यांसाठी वेगळं मानक आलं, आयएसओ ८०३६९-३, त्याला एनफिट म्हणतात. मुद्दाम न जुळणारी जोडणी. आमच्या इथल्या दुकानात मिळालेल्या नळ्या मात्र जुन्या, नरसाळ्यासारख्या तोंडाच्याच होत्या. म्हणजे सगळा भरवसा लाल चिकटपट्टीवर.

पावसाळ्याचं लिहायलाच हवं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्या पेठेत पोरांना पाढ्यांबरोबर पाठ असतं. पाणी चढायला लागलं तसा ऑफिसातूनच फोन : "तुम्ही खालच्या गल्लीत आहात ना? दोन आठवड्यांचं सामान आजच पाठवतो." पाणी गुडघाभर व्हायच्या आधी त्यांचा पोरगा गाडीवरून पिशवी देऊन गेला. पावडरचे डबे, सिरिंज, जादा नळी, आणि एक चिठ्ठी : आजीला कोणत्या मापाची नळी, किती खुणेवर, काय आणि किती वेळा. कळंब्याला मेहुण्याकडं हलवलं तेव्हा त्या चिठ्ठीवर तिथल्या डॉक्टरांनी एका नजरेत सगळं समजून घेतलं. पाणी उकळूनच वापरा, असंही सांगितलं होतं. २०१९ ला उपसा केंद्रं बुडून शहराचे नळ बंद पडले होते ते अजून कुणी विसरलेलं नाही.

पाऊस ओसरल्यावर पोटातून नळी घालून घेतली, पेग म्हणतात ती. चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त नळी लागणार असेल तर डॉक्टर हीच सुचवतात. दुर्बिणीतून, पोट न उघडता. अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की या दोघांनी ही रीत काढली आणि १९८० मध्ये प्रसिद्ध केली. घरात 'पोटाला भोक' म्हणून रडारड झाली. आता आईच्या नाकाला काही नाही, आरशात बघते, नातवंडं जवळ येतात. सेवेनं याचंही वेगळं शिकवलं : भोवतीची कातडी रोज धुऊन कोरडी करायची, जखम भरल्यावर नळी जरा फिरवायची. आणि नळी निघाली तर सकाळची वाट बघायची नाही, काही तासांत भोक आक्रसतं. नवी असताना घरी परत खुपसायची तर मुळीच नाही.

कापलेला स्टार. एक, रविवारी फोन लागत नाही. लागला तर "उद्या बघू". दोन, बिलात 'इतर साहित्य' अशी एक ओळ आणि पुढं आकडा, फोड मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली की देतात, पण मागायला का लागावी? तीन, पीएचच्या पट्ट्या ठेवत नाहीत. स्वतःच सांगितलेली गोष्ट स्वतःच्या पेटीत नको का?

करार करताना नळी बदलायचा दर, एक्स-रेची ने-आण आणि सिस्टर बदलली तर आधी कळवणार का, हे लिहून घ्या. रात्री त्यांच्याकडचं कुणी येत नाही. त्या वेळी कुठल्या दवाखान्यात जायचं ते पहिल्याच भेटीत ठरवा आणि तो नंबर त्या गोळ्यांच्या यादीखालीच चिकटवा.